मनगटाच्या मापाची काठी

"पुढची ये गो. पायातलं काढ, ताठ उभी राह्य, नि हात सैल सोड."

राही बंगल्याच्या मागच्या पडवीत आली होती ती धाकट्या केसरची टोपी द्यायला. समोर जमिनीवर एक तरुण मांडी घालून बसलेला. मान खाली, कानावर पेन्सिल, पुढ्यात विलायती काठ्यांचा ढीग. त्यानं मान वर न करताच हुकूम सोडला, आणि राहीला हुकूम ऐकला की पाळायची सवय. तिनं टोपी कठड्यावर ठेवली आणि उभी राहिली. पायात काढण्यासारखं काही नव्हतंच.

त्यानं एक लाकडी पट्टी तिच्या पावलाशी उभी धरली आणि लोंबत्या हाताचं मनगट जिथं आलं तिथं पेन्सिलीनं रेघ ओढली. मग त्या मनगटातल्या काचेच्या बांगड्या त्याला दिसल्या. मग बोटांना लागलेली चुलीची राख दिसली. मग त्यानं वर पाहिलं... आणखी वर पाहिलं... आणि आणखी थोडं वर.

"आरं द्येवा!" तो म्हणाला. "बॅरिस्टरसाहेब म्हनाले, मोठी पोर अकरा वर्साची हाय!"

"मी पोर न्हाय," राही म्हणाली. "पोरी सांभालनारी हाय."

आणि तिनं झटकन खांदे पाडले, एक गुडघा मोडला, मान खाली घातली. तिचे कान असे तापले की त्यावर भाकरी भाजली असती. तिला उंचीची लाज वाटायची. थोडीथोडकी नव्हे, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत वाटायची. नागावात तिच्याएवढी उंच बाई दुसरी नव्हती, आणि पुरुषही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाप असाच ताडमाड होता. तो गेला तेव्हा आई, मनुबाई, म्हणाली होती, "मेल्यानं शेत ठेवायचं सोडून उंची ठेवली माझ्या पोरीला."

मनुबाईनं मग लेकीला शिकवण दिली. चालताना खांदे पाड. उभं राहताना गुडघा मोड. कुणी आलं की आधी बस. बघायला आलेल्या माणसांना राही बसलेलीच दिसायची, आणि ती दिसायला होती छान. नाक सरळ, डोळे मोठे, रंग ओल्या सुपारीसारखा. बसली की स्थळ जुळायचं, पोहे आणायला उठली की मोडायचं.

तर अशा मुलीला या अनोळखी माणसानं पायापासून वर निरखून पाहिलं होतं. ती टोपी तिथंच विसरून पळाली.

---

त्याचं नाव दिनानाथ. पेणकडच्या मिठागरवाल्यांचा मुलगा. लहानपणी मामाकडं मुंबईला गेला, गोऱ्या साहेबांच्या गोल्फच्या मैदानावर त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या, आणि पिशव्या वाहता वाहता काठ्या दुरुस्त करायच्या कारखान्यात शिरला. आता बॅरिस्टरसाहेबांनी त्याला दिवाळीच्या सुट्टीत नागावला आणलं होतं. साहेबांना गोल्फचं वेड. सुरूच्या बनामागच्या माळावर त्यांनी पाच खळगे खणून घेतले होते. गावाचं म्हणणं, हा तर विटीदांडूच, फक्त विटीला टोकं नाहीत आणि खेळणाऱ्याला काम नाही. साहेबांच्या दोन मुली, नलू आणि केसर, त्यांनाही हा खेळ शिकवायचा होता. पोरी आजवर वडलांच्याच काठ्या ओढत होत्या. बॉल तिथंच राहायचा आणि माती उडायची.

"काठी नुस्ती कापली की झालं ना?" राहीनं दुसऱ्या दिवशी विचारलं. टोपी न्यायला यावं लागलंच होतं, आणि गप्प उभं राहिलं तर लाज जास्त वाटते.

"नुस्ती कापली की डोकं जड व्हतं," दिनानाथ म्हणाला. "बघा." त्यानं कापलेली काठी तिच्या हातात दिली. टोकाचा लाकडी गड्डा खाली ओढत होता. "पोरीच्या हाताला हे ओझं झेपंल? मग डोक्यातलं शिसं काढायचं, लाकूड तासायचं, दांडा बारीक करायचा. मुठीचं चामडं पातळ करायचं, पोरींची बोटं केवढीशी! मग कुठं ती काठी पोरीची व्हते."

"पर पोरी वाढायच्या. थोडी लांबच ठेवा की. आमच्यात परकर शिवतात तो वाढत्या अंगाचा. खाली दुमड घालतात, वर्साला उसवतात."

तो हसला. हसला की त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. "परकर लांब झाला तर पोर अडखलंल, पडंल, उठंल. काठी लांब झाली तर पोर मागं रेलते, हात आखडते. आखूड झाली तर वाकते. आनि एकदा वाकायची सवय लागली ना, की मागनं कितीबी मापाची काठी द्या, पाठ ऐकत न्हाय."

बोलता बोलता त्याची नजर तिच्या खांद्यांवर गेली. माणूस वाईट नव्हता, पण जीभ कामातल्या पटाशीसारखी सरळ चालायची.

"तुमाला कुनी आखूड काठी दिली व्हती?"

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं काठी खाली ठेवली आणि ती निघून गेली. या खेपेला टोपी घेऊन.

तिसऱ्या दिवशी ती अंगण झाडायला आली तर तिचा खराटा जागेवर नव्हता. एरवी तो आखूडसा, माडाच्या हिरांचा, कंबरेत मोडल्याशिवाय जमिनीला न टेकणारा. कोपऱ्यात दुसराच उभा होता. म्हणजे हीर तेच, पण त्याला गुळगुळीत लांब दांडा बसवलेला, वर हाताला बोचू नये म्हणून चामड्याची पट्टी गुंडाळलेली. राहीनं तो धरला. तो बरोबर तिच्या हातात येत होता. तिनं ताठ उभं राहून एक हात मारला... दुसरा मारला... आख्खं अंगण झाडून झालं तरी कंबर दुखली नाही.

पडवीतून तो पाहत होता. ती वळली तशी त्यानं मान खाली घातली आणि उगीचच एका चांगल्या काठीला कानस घासायला लागला.

"कालचं बोलनं वाईट व्हतं माझं," तो काठीकडे बघत म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका."

"दांडा चांगला हाय," राही म्हणाली. आणि मग लाजेनं तिला तिथं उभं राहवेना. ताठ उभं राहणं इतकं बरं वाटलं होतं, याचीच लाज.

संध्याकाळी राहीनं तो खराटा घरी आणला, तसा मनुबाईनं तो बघितला आणि दांडा काढून चुलीमागं टाकला. "ताठ झाडतेस! लोक बघतात, राहे."

---

नाताळात बंगल्यावरची माणसं पुन्हा आली, आणि दिनानाथही आला. थंडी पडली होती. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, आणि साहेबांच्या वाडीत मडकं उपडं घालून पोपटी भाजली होती. मडक्यातून काढलेल्या गरम शेंगा राही पोरींना सोलून देत होती. दिनानाथ जरा पलीकडे बसून केसरच्या काठीचं चामडं बांधत होता. नलूच्या काठीला त्यानं आदल्या दिवशीच जोड दिला होता. दिवाळीपासून नलू दोन बोटं वाढली होती.

त्याचं जोड देणं बघण्यासारखं असे. मुठीकडचं चामडं उलगडायचं, दांड्याला तिरका काप घ्यायचा, तसाच तिरका काप नव्या तुकड्याला, आंब्याचं कलम करतात तसा. सरस लावायचा, राळ चोळलेला दोरा आवळायचा, वाळला की घासायचा, वर पुन्हा चामडं. साहेबांनाही जोड सापडत नसे. पुढच्या सुट्टीत पोर वाढली की तो तुकडा काढून मोठा बसवायचा.

"माझी काठी ताईपेक्षा लहान का?" केसर रुसली. "मी टाचा उंच केल्या की तिच्याएवढी होते."

"टाचा उंच करून खेलनार हायेस का?" दिनानाथ म्हणाला. "आनि उंची डोक्यापत्तुर मोजतात ती पलटनीत. काठी काय डोक्यानं धरायची हाय? हातानं धरायची. मनगट जमिनीपासनं किती वर हाय, तेवढंच मी बघतो. एक मानूस उंच असंल, एक बुटका असंल, तरी मनगटं सारखी असतात कधीमधी."

केसरला ते पटलं नाही. तिनं शेंगांकडे मोर्चा वळवला. राहीनं मूठभर शेंगा पानावर घालून त्याच्यापुढं सरकवल्या.

"तुमी सगल्यांचं माप घेता," ती म्हणाली. "तुमचं कोन घेतं?"

"माझं काय घ्यायचं? सुरू झालो नि लगेच संपलो."

राही हसली. खरोखरच तो तिच्या कानापर्यंत येत होता. तेही ती खांदे पाडून उभी असताना.

"माझ्या कानापत्तुर येता की."

"मग बरंच हाय," तो म्हणाला, आणि त्याचा एक डोळा जास्त मिटला. "बोललेलं नीट ऐकू जाईल."

काय बोलणार होतात, असं विचारायचं राहीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी माळावरून हाक मारली. नलू नव्या जोडाची काठी घेऊन उभी राहिली होती, आणि तिचा बॉल वाकडातिकडा जात होता.

दिनानाथनं काठी तपासली. पुन्हा मनगट मोजलं. "माप बरोबर हाय," तो गोंधळून म्हणाला. "मग पोर वाकते का? दिवालीत तं ताठ व्हती."

नलू उभी होती खांदे पाडून, एक गुडघा मोडून, मान खाली घालून. दिनानाथनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं राहीकडे पाहिलं, आणि पटकन नजर काढून घेतली. पण राहीला कळायचं ते कळलं.

"कुणी शिकवलं असं उभं राहायला?" साहेबांनी दरडावलं.

"राहीताई अशीच उभी राहते," नलू म्हणाली. "छान दिसते."

राहीला वाटलं, जमीन दुभंगावी. स्वतःची लाज स्वतःपाशी ठेवली तर ठेवली, ती या लेकराच्या पाठीत उतरली होती. साहेब तिला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. सुट्टी संपली, सगळे मुंबईला गेले, आणि कानापर्यंत येणारं ते बोलणं तसंच राहिलं.

---

मे महिन्यात, बंगल्यावरची माणसं पुन्हा सुट्टीला आली असताना, म्हसळ्याचं स्थळ आलं, आणि स्थळाच्या आधी काठी आली.

म्हसळ्याच्या रावजींची ही स्वतःची तऱ्हा. त्यांच्या थोरल्या भावाला उंच बायको मिळाली होती आणि आख्खा गाव जन्मभर हसला होता. तेव्हा रावजींनी आपल्या मुलाच्या, दादूच्या, उंचीची काठी करून घेतली होती. बांबूनं माप घेतात ते मेलेल्या माणसाचं, म्हणून ती सागाची. स्थळं जुळवणारी सखुबाई ती घेऊन गावोगाव फिरत असे. मुलगी काठीच्या वर गेली की पुढचं बोलणंच नाही.

"ठेवून जाते," सखुबाई म्हणाली. "आमच्यासमोर लाजंल पोर. तुमीच मोजा. रविवारी रावजी येतील, दादूबी येईल, तेंच्यापुढं काठी उभी करू."

ती गेल्यावर मनुबाईनं राहीला भिंतीशी उभं केलं. राही काठीच्या दोन बोटं वर गेली. खांदे पाडले तरी वरच. मनुबाई मटकन खाली बसली.

"ह्ये गेलं की संपलं, राहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी किती वर्सं पुरनार हाय?" मग थोड्या वेळानं, राहीकडे न बघता, "तो बंगल्यावरचा... पोरींच्या काठ्या जोडतो ना? म्हनतात जोड दिसत न्हाय."

राहीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती नको म्हणाली नाही. आईच्या थकव्यापुढं नको म्हणायची तिला लाज वाटली, आणि नंतर काठी पदराखाली लपवून पाखाडीच्या दगडी वाटेनं जाताना हो म्हटल्याची वाटली. बंगल्याच्या पडवीशी आली तेव्हा दिनानाथ केसरच्या काठीचं जुनं चामडं उलगडत होता. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला की राहीनं मान फिरवली.

"ही चार बोटं लांब करून पायजे," तिनं काठी पुढं केली. "जोड दिसता कामा नये."

त्यानं काठी हातात घेतली, फिरवली. "ही कसली? हिला ना डोकं, ना मूठ."

राहीनं सांगितलं. सांगताना ती पडवीच्या खांबाशी बोलत होती.

दिनानाथनं काठी मांडीवर आडवी ठेवली. सुरूच्या बनात वारा वाजत होता. "नवरा कसा हाय?" त्यानं विचारलं.

"बघितला न्हाय. काठी बघितली."

"मी जोड देतो तो वाढत्या पोरांना," तो सावकाश म्हणाला. "आज दिला, उद्या काढला, परवा मोठा घातला. ह्यो जोड कवा काढायचा? तुमी जन्मभर चार बोटं वाकून ऱ्हानार?"

"तुमाला जमत नसंल तं तसं सांगा."

हे ती फार तोडून बोलली, कारण नाहीतर ती रडली असती. आणि त्यालाही बोलायचं होतं. दिवाळीपासून बोलायचं होतं. पण समोर ती उभी होती, आणि तिच्यापुढं एक काठी उभी होती, आणि त्या काठीलासुद्धा तो पुरा पडत नव्हता. दादू निदान तिच्या कपाळापर्यंत तरी येईल, त्यानं मनात म्हटलं. माझं काय? दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या मापाची इतकी लाज वाटली की त्यानं मुकाट्यानं करवत उचलली.

"ताठ उभ्या ऱ्हावा," तो म्हणाला. "त्याबिगर चार बोटं पुरतील का कळनार न्हाय."

राही ताठ उभी राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणासमोर ती जाणूनबुजून पुरती उभी राहिली होती. त्यानं वर पाहिलं. त्याच्या नजरेत हसू नव्हतं, कीव नव्हती. असं कुणी आपल्याकडे पाहू शकतं हे राहीला माहीत नव्हतं. ते कळलं ते असं, दुसऱ्याच्या काठीला जोड घेताना.

---

रविवारी मनुबाईच्या अंगणात घोंगडी अंथरली. रावजी आले, दोन म्हाताऱ्या आल्या, सखुबाई आली. दादू आला, गोल तोंडाचा, भला दिसणारा, आणि आपल्या चपलांकडे बघत बसला. 'राहीताईचं लग्न' बघायला बंगल्यावरून नलू पळत आली होती. ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

सखुबाईनं काठी उभी केली. राही शेजारी उभी राहिली. काठी दोन बोटं वर.

"झ्याक!" रावजी म्हणाले. मनुबाईनं डोळे पुसले. गुळाची वाटी बाहेर आली. राहीनं कुणाकडे पाहिलं नाही. तिला फक्त आपल्या कानाशेजारचा तो सागाचा दांडा जाणवत होता, आणि त्यातला तो तिरका काप, जो तिच्याशिवाय इथं कुणाला ठाऊक नव्हता.

मग एक म्हातारी म्हणाली, "जोडा बघू दे की! दादू, ऊठ, पोरीशेजारी उभा राह्य."

काठी होती तिथंच राहिली, आणि दादू येऊन तिच्या पलीकडे उभा राहिला. म्हातारीनं डोळे बारीक केले. दादूच्या डोक्यावर काठी चांगली चार बोटं उरली होती.

"काठी वाढली का पोरगा खचला?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. रावजी हसले नाहीत. त्यांनी काठी ओढून घेतली. नखानं खरवडलं, उन्हात धरली, वास घेतला. जोड सापडला नाही, पण नव्या सरसाचा वास लपला नाही.

"सखुबाई सांगत व्हती तो बंगल्यावरचा काठ्या जोडनारा," ते गरजले. "त्याचंच काम! लोकांना फसवतो? आत्ता साहेबांकडं जातो. हितं कुठं उभा ऱ्हातो तेच बघतो!"

"त्यानंच केलं असंल," मनुबाई घाबरून बोलून गेली. "आमाला काय ठाव, बाबा... आमाला काय ठाव!"

राहीनं आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. मग तिची नजर दाराकडे गेली. तिथं नलू उभी होती, खांदे पाडून, एक गुडघा मोडून, मान खाली घालून. शहरातली, बॅरिस्टरची पोर, कुणी तिच्यावर ओरडलं नसताना.

राहीनं गुडघा सरळ केला. मग खांदे. मग मान.

"काठी मी नेली," ती म्हणाली. "जोड मी मागितला. तो नको म्हनत व्हता. त्याला बोल लावू नका." आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "आनि मी येवढी हाय. ह्येच्यापेक्षा कमी न्हाय."

दादूनं तेवढ्यात पहिल्यांदा वर पाहिलं. त्याला बहुधा ती आवडली. पण रावजींनी त्याचा दंड धरला होता. मंडळी निघून गेली, गूळ वाटीतच राहिला. मनुबाई दिवसभर कामं करत राहिली, आणि मधूनच पदरानं तोंड पुसत राहिली.

---

पुढचे दिवस वाईट गेले. विहिरीवर बायका कळशा बुडवताना म्हणायच्या, "काठीवाली आली गो, रहाटाचा दोर लांब घे!" राही खाली मान घालून येई. मग आठवण होई आणि मान वर करी, मग बायका आणखी हसत. ती बंगल्यावर जायची बंद झाली. सगळ्या गावासमोर जिचं तोंड उघडलं, तिला एका माणसाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. जोड कुणासाठी घेतला, हे आता सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो मागण्याऐवजी दिनानाथशी काय बोलायला हवं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक.

बंगल्यावरची माणसं मुंबईला निघायच्या आदल्या सकाळी दिनानाथ अंगणात आला. मनुबाई वाल पाखडत होती. त्याला बघून तिचा हात सुपावरच थांबला. ज्याच्यावर आळ घातला तो माणूस दारात, आणि तिला बस म्हणायचं सुचेना.

"काकी," तो म्हणाला. कपडे धुतलेले, केस पाणी लावून बसवलेले, घामानं पुन्हा बिघडलेले. "मापाची काठी आनली. म्हसल्याच्या रीतीनं."

मनुबाईनं काठी घेतली. ती तिच्या कमरेच्याही खालीच संपत होती. मनुबाईला काही कळेना.

"इतुकाच नवरा?"

दिनानाथच्या कपाळापासून मानेपर्यंत लाली चढली. "न्हाय, म्हंजे... नवरा तसा बुटकाच हाय. ते लपवत न्हाय. पर ही डोक्याची न्हाय, काकी. ही..."

राही दारात येऊन उभी होती. तिनं काठीकडे पाहिलं. हिकरीचं ते विलायती लाकूड, वर पातळ चामडं, आणि मुठीच्या शेवटाला पेन्सिलीची एक रेघ. पट्टीवरची ती दिवाळीतली रेघ त्यानं तशीच या काठीवर उतरवून घेतली होती.

ती अंगणात आली. पायात काही नव्हतंच. ताठ उभी राहिली, हात सैल सोडला. दिनानाथनं काठी तिच्या पावलाशी टेकवली. मूठ बरोबर मनगटाशी आली.

मग तो तिच्या शेजारी उभा राहिला. त्याचं डोकं तिच्या कानाच्याही खाली आलं. त्यानं हात सैल सोडला, आणि तीच काठी दोघांच्या मधे धरली. तीच मूठ त्याच्याही मनगटाशी आली. तसूभर वर नाही, तसूभर खाली नाही.

"दिवालीतच बघितलं व्हतं," तो पुटपुटला. "रातीला पट्टी स्वतःला लावली तवा. बोलायची छाती झाली न्हाय. तुमी सगल्या गावासमोर उभ्या ऱ्हायलात, मग मलाच माझी लाज वाटली."

राहीनं काठीवरून बोट फिरवलं. "जोड कुठं हाय?"

"न्हाय. आख्खी हाय. शोधा हवं तं."

ती शोधत राहिली. काठी संपली तरी बोट थांबलं नाही, ते त्याच्या बोटांपर्यंत गेलं. हात धरायला ना तिला वाकावं लागलं, ना त्याला टाचा उंच कराव्या लागल्या.

मनुबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती दिनानाथकडे बघू शकत नव्हती. "त्या दिशी मी तुमचं नाव घेतलं," ती सुपाशी बोलली. "भ्याले व्हते."

"माझंच काम व्हतं ते, काकी. नाव माझंच घ्यायचं."

मनुबाईनं नाक ओढलं. मग एकदम उसळून म्हणाली, "आगो, उभी काय! पानी दे त्यांना. गूल आन. त्या दिवशीचा वाटीत तसाच पडलाय."

राही वळली, ताठ मानेनं भराभर चालत दाराशी गेली आणि घराच्या चौकटीवर तिचं कपाळ असं आपटलं की आतली भांडी वाजली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"वाक की गो!" मनुबाई ओरडली. "दार हाय!"

दिनानाथ धावला. हसावं की फुंकर घालावी, त्याला कळेना. "लागलं का? चौकटीला जोड देतो मी, चार बोटांचा."

राही कपाळ चोळत होती. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"नको," ती म्हणाली. "दारापुरती वाकंन."